ई-मेलवरून ऐतिहासिक युद्धखेळ: खान्देशातल्या खेळाडूंचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार, भुसावळ, चाळीसगाव इथून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. प्रश्नांना क्रमांक दिले आहेत. उत्तर दुसरीकडे असेल तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक सांगितला आहे.

१. ई-मेलवरून युद्धखेळ म्हणजे नेमकं काय? समोरासमोर न बसता लढाई कशी खेळतात?

दोघांकडे तोच नकाशा, त्याच सोंगट्या आणि तेच नियम असतात. पहिला आपली चाल मेलने कळवतो. दुसरा ती आपल्या नकाशावर करतो, उत्तर देतो आणि मग स्वतःची चाल पाठवतो. दोघांनी एका वेळी मोकळं असण्याची गरज नाही, हाच याचा मोठा फायदा. एक जण रात्री अकराला चाल पाठवतो, दुसरा सकाळी दुकान उघडण्याआधी ती बघतो. व्हिडिओ कॉलवर समोरासमोर खेळणं हा वेगळा प्रकार आहे, त्याबद्दल इथे काही नाही.

एक गोष्ट सुरुवातीलाच पक्की करा: या खेळात वेळ जातो तो मेलच्या हेलपाट्यांत. एका टर्नमध्ये (पाळीत) किती मेल इकडून तिकडे जातात, यावर खेळ पूर्ण होणार की अर्धवट राहणार हे ठरतं. पुढची बहुतेक उत्तरं हेलपाटे कमी करण्याबद्दलच आहेत.

२. सुरुवातीला काय काय लागतं आणि खर्च किती?

संगणक, ई-मेल आणि नियमांची प्रत. नकाशा-सोंगट्यांच्या खेळांसाठी व्हॅसल हा मोफत प्रोग्राम वापरतात. तो विंडोज, मॅक आणि लिनक्सवर चालतो, मोबाइलवर नाही. प्रत्येक खेळाचं मॉड्यूल, म्हणजे त्याच्या नकाशा-सोंगट्यांची फाइल, वेगळं असतं आणि तेही मोफत उतरवता येतं, पण त्यात नियमपुस्तक असेलच असं नाही. म्हणून दोघांपैकी निदान एकाकडे मूळ खेळ विकत घेतलेला असावा.

संगणकाशिवायही जमतं. पुठ्ठ्यावर चिकटवलेला नकाशा दोघांकडे मांडून ठेवा आणि मेल फोनवरून पाठवा. फक्त प्रत्येक टर्नच्या शेवटी सगळ्या तुकड्यांची जागा लिहून ताडून घ्या. नाहीतर दोन घरांत दोन वेगळ्या लढाया चालू होतात.

३. सगळं व्हॉट्सअ‍ॅपवरच होतं, मग मेल कशाला?

गप्पा आणि आठवणी व्हॉट्सअ‍ॅपवर करा, आदेश मात्र मेलवरच पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज पाठवल्यावर बदलता किंवा पुसता येतो. फोटो बारीक होऊन जातो, त्यामुळे चौकटींचे आकडे वाचता येत नाहीत. शिवाय फोन बदलला की जुनं सापडत नाही. मेलमध्ये तारीख-वेळेसह सगळं जागेवर राहतं, आणि वाद झालाच तर तोच पुरावा असतो.

४. पहिल्यांदा खेळतोय. किती मोठी लढाई घ्यावी?

प्रत्येक बाजूला १० ते १२ तुकड्या आणि ८ ते १० टर्न, यापेक्षा मोठी घेऊ नका. हिशोब सोपा आहे. एका टर्नला ४ मेल आणि १० टर्न म्हणजे ४० मेल. रोज एक मेल गेला तरी सव्वा महिना लागतो. तोच खेळ प्रत्येक गोळीबाराला समोरच्याचं उत्तर मागणारा असेल तर टर्नला १०-१२ मेल होतात आणि चार महिने जातात. पहिल्या खेळात एवढा धीर राहत नाही.

म्हणून नियम निवडताना विषयाआधी टर्नची रचना बघा. ‘आधी मी सगळं हलवतो, मग तू सगळं हलव’ अशी रचना मेलला उत्तम. एका तुकडीनंतर एक, अशी आलटून पालटून हालचाल असलेले नियम टेबलावर रंगतात, मेलवर मात्र ते ओढावे लागतात.

५. आदेशाचा मेल कसा लिहायचा?

असा, की त्याचा एकच अर्थ निघेल. विषयाच्या ओळीत खेळाचं नाव, टर्न, बाजू आणि मेलचा क्रमांक. मजकुरात प्रत्येक तुकडीला एक ओळ:

विषय: असई / टर्न ०३ / शिंदे / मेल २
४ थी पलटण: ०७१२ → ०८१२ → ०९१२, तोंड पूर्वेला, चालीचे ४ पैकी ३ गुण खर्च.
तोफखाना ख: हलत नाही. ०९१४ वर मारा.
बाकी सर्व तुकड्या जागेवर.

हेक्सच्या (नकाशावरच्या षटकोनी घराच्या) चार आकडी क्रमांकात पहिले दोन आकडे बहुधा उभ्या रांगेचे असतात आणि शेवटचे दोन त्या रांगेतल्या घराचे. पण नकाशागणिक ते बदलतं, म्हणून पहिल्याच मेलमध्ये पक्कं करा. नुसतं शेवटचं घर न लिहिता पूर्ण वाट लिहा, कारण वाटेत कुठे गोळीबार होऊ शकतो हे त्यावरून ठरतं. ‘डावीकडे’, ‘पुढे’, ‘टेकडीमागे’ हे शब्द टाळा. तुमचं डावं ते समोर बसलेल्याचं उजवं. दिशा लिहायची ती उत्तर-दक्षिणच. ‘बाकी सर्व जागेवर’ ही शेवटची ओळ विसरू नका. ती नसेल तर एखादी तुकडी हलवायची नव्हती की लिहायची राहिली, हे विचारण्यात एक हेलपाटा जातो.

आकडे ०७ असे लिहायचे की इंग्रजी आकड्यांत, हेही आधी ठरवा. दोन्ही मिसळले तर जुना मेल शोधताना सापडत नाही. मराठी लिहिताना युनिकोड टायपिंगच वापरा. जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये लिहिलेला मजकूर समोरच्याच्या पडद्यावर नुसती चिन्हं होऊन उमटतो.

६. व्हॅसलची फाइल पाठवली, पण समोरच्याला माझ्या चाली दिसतच नाहीत. का?

लॉग, म्हणजे चालींची नोंद, सुरू करण्याआधी तुम्ही सोंगट्या हलवल्या. लॉग फाइलमध्ये लॉग सुरू केल्यानंतरच्याच हालचाली नोंदल्या जातात. क्रम असा ठेवा: समोरच्याची लॉग फाइल उघडा, पुढच्या बाणाचं बटण दाबत शेवटपर्यंत बघा, नवा लॉग सुरू करा, मग चाली करा, लॉग बंद करा आणि ती फाइल मेलला जोडा. चाली झाल्यावर चूक लक्षात आली तर फाइल पुन्हा उघडून चाली परत करा. मात्र पडलेले फासे आहेत तेच ठेवायचे.

आणखी दोन अडचणी नेहमी येतात. दोघांच्या मॉड्यूलची आवृत्ती वेगळी असेल तर काही सोंगट्या दिसत नाहीत किंवा भलत्याच दिसतात, म्हणून खेळ संपेपर्यंत कोणीही आवृत्ती बदलू नये. दुसरं म्हणजे व्हॅसलमध्ये तुमची बाजू तुमच्या पासवर्डला बांधलेली असते. नव्या संगणकावर वेगळा पासवर्ड टाकला तर स्वतःच्याच लपवलेल्या सोंगट्या उघडता येत नाहीत. पासवर्ड कागदावर लिहून ठेवा. प्रत्येक फाइलला टर्न आणि मेल क्रमांकाचं नाव द्या, जुन्या फाइलवर नवी कधीच चढवू नका.

७. समोर कोणी नसताना फासे कोणी टाकायचे? लबाडी होणार नाही का?

ओळखीच्या माणसाशी खेळत असाल तर व्हॅसलमधलं फाशाचं बटण पुरेसं आहे. पण नावडता फासा पडला की लॉग फेकून पुन्हा सुरू करणं शक्य असतं, हे दोघांनाही माहीत असतं. अनोळखी माणसाबरोबर किंवा स्पर्धेत तिसऱ्याच्या हातचे फासे हवेत. त्यासाठी दोघांनाही एकाच वेळी निकाल मेल करणारी फाशांची संकेतस्थळं आहेत. पंच असेल तर तो टाकेल (प्रश्न १४). किंवा शेअर बाजाराचे आकडे वापरा (प्रश्न ८).

मात्र फासे टाकण्याआधी हल्ल्याची पूर्ण यादी क्रमवार लिहून गेलेली असली पाहिजे. ‘पहिला फासा या हल्ल्याचा, दुसरा त्याचा’ हे आकडे बघितल्यावर ठरवलं तर कोणतीही पद्धत निरुपयोगी.

८. शेअर बाजारावरून फासे काढतात म्हणे. ते कसं?

ही पद्धत टपालाच्या काळातली. अमेरिकेतली अ‍ॅव्हलॉन हिल ही युद्धखेळांची कंपनी टपालाने खेळणाऱ्यांना वर्तमानपत्रातल्या शेअर उलाढालीच्या आकड्यांवरून निकाल काढायला सांगत असे. आपल्याकडे ती अशी चालवा:

आधी २० मोठ्या कंपन्यांची क्रमवार यादी ठरवा. कोणता बाजार तेही लिहा, कारण एनएसई आणि बीएसईचे आकडे वेगळे असतात. हल्ल्यांचा मेल दुपारी ३ च्या आत गेला तर त्याच दिवसाचे आकडे धरायचे, नंतर गेला तर पुढच्या कामकाजाच्या दिवसाचे. बाजार साडेतीनला बंद होतो, म्हणून ३ ची मर्यादा. पहिल्या हल्ल्याला यादीतली पहिली कंपनी, दुसऱ्याला दुसरी.

आकडा घ्यायचा तो दिवसभरात किती शेअरची उलाढाल झाली त्याचा, भावाचा नाही. भाव अनेकदा पाच पैशांच्या पायरीने सरकतो, त्यामुळे शेवटी ० किंवा ५ च येतो. उलाढालीचे शेवटचे दोन अंक घ्या. ९६ ते ९९ आले तर तो आकडा सोडून यादीतली पुढची कंपनी घ्या. ०० ते ९५ पैकी काहीही आलं तर ६ ने भागा आणि बाकीत १ मिळवा. उदाहरणार्थ ४७ ला ६ ने भागून बाकी ५, म्हणजे फासा ६. चार आकडे सोडायचं कारण असं की १०० ला ६ ने पूर्ण भाग जात नाही. सोडले नाहीत तर १ ते ४ हे फासे थोडे जास्त वेळा पडतात. ९६ आकड्यांत मात्र प्रत्येक फासा बरोबर १६ वेळा येतो.

दोन फाशांची बेरीज हवी असेल तर दोन कंपन्या घ्या. एकाच आकड्यावरून २ ते १२ काढू नका. दोन फाशांत ७ येण्याचे मार्ग ३६ पैकी ६ आहेत आणि १२ येण्याचा एकच. एका आकड्यावरून काढलं तर ही चढउतार नाहीशी होते आणि खेळाचा निकालतक्ता बिघडतो.

दिवसभर आकडे हलत असतात आणि वेगवेगळ्या अ‍ॅपवर थोडे वेगळेही दिसतात. वाद नको असेल तर बाजाराने संध्याकाळी प्रसिद्ध केलेली भावकॉपी, म्हणजे दिवसाच्या भाव-उलाढालीची यादी, हीच प्रमाण माना.

९. माझ्या टर्नमध्ये समोरच्याला गोळीबाराची संधी असते. प्रत्येक वेळी थांबून विचारायचं?

नाही. जर-तरचे आदेश आधीच मागवून घ्या. मेलवर खेळताना सगळ्यात आधी शिकायची गोष्ट हीच. स्वतःचा टर्न संपवताना प्रत्येकाने पुढच्या टर्नसाठी असे आदेश लिहायचे:

१. शत्रूचं घोडदळ ४ थ्या पलटणीच्या २ हेक्सच्या आत आलं तर ती गोळी झाडेल. पायदळावर झाडणार नाही.
२. तोफखाना ख जवळच्या लक्ष्यावर मारा करेल. अंतर समान असेल तर मोठ्या तुकडीवर.
३. ०९१२ वर हल्ला झाला तर राखीव घोडदळ प्रतिहल्ला करेल, पण हल्लेखोर एकच तुकडी असेल तरच.

पाच-सहा ओळींपेक्षा जास्त लिहू नका. पंधरा अटी लिहिल्या की दोन अटी एकमेकींना छेद देतात आणि पुन्हा विचारावं लागतं. दोन अटी एकदम लागू पडल्या तर वरची आधी, हे लिहून ठेवा.

आदेशात न बसणारं काही घडलं तर? निर्णय किरकोळ असेल तर हलवणाऱ्यानेच समोरच्याच्या फायद्याचा निर्णय घ्यावा आणि पुढे जावं. निर्णय लढाई फिरवणारा असेल तर तिथेच थांबून मेल करावा. टर्नमध्ये असा थांबा एकदाच घ्यायचा असं आधी ठरवलं तर दोघंही आदेश जास्त काळजीने लिहितात.

जर-तरचे आदेश उघडे असल्याने शत्रूला तुमचा बेत कळतो, अशी तक्रार येते. ती खरी आहे. पंच असेल तर ते त्याच्याकडेच द्या. नसेल तर प्रश्न १० मधली पद्धत वापरता येते, पण मग हेलपाटे वाढतात.

१०. दोघांनी एकाच वेळी गुप्त आदेश लिहायचे असतील तर?

आदेश एका फाइलमध्ये लिहा, तिची पासवर्ड घातलेली झिप करा आणि पाठवा. समोरच्याची झिप आली की आपला पासवर्ड कळवा. दोघांचे आदेश आधीच बंद झालेले असल्याने कोणालाच बदलता येत नाहीत.

पासवर्ड घातला तरी झिपच्या आतल्या फाइलचं नाव बाहेरून दिसतं. ‘उत्तरेकडून हल्ला’ असं नाव दिलंत तर सगळं उघडं पडलं. ‘टर्न ०५ आदेश’ पुरे. काही मेल सेवा अशी झिप संशयास्पद ठरवून अडवतात. तसं झालं तर ती गुगल ड्राइव्हवर ठेवून दुवा पाठवा.

११. पत्त्यांवर चालणारे खेळ मेलवर होतात का?

होतात. व्हॅसलमध्ये पत्ते पिसणं आणि हातातले पत्ते झाकून ठेवणं ही सोय असते. पण समोरच्याच्या पत्त्यावर लगेच प्रतिपत्ता टाकायची मुभा असलेल्या खेळांत प्रश्न ९ प्रमाणे ‘अमुक पत्ता आला तर मी अमुक टाकीन’ असं आधी लिहिता येत नाही. लिहिलं तर हातातले पत्ते कळतात. अशा खेळाला पंच तरी हवा, नाहीतर थांबे मान्य करावेत.

१२. माझ्याकडे रंगवलेले छोटे सैनिक आणि टेबल आहे, समोरच्याकडे काहीच नाही. तरी खेळता येईल?

येईल. टेबल एकाच्या घरी, समोरचा फोटो बघून आदेश देतो. फक्त टेपने मोजायचे नियम चौकटीत बसवावे लागतात. ६ × ४ फुटांच्या टेबलावर ४ इंचांच्या चौकटी आखल्या तर १८ × १२, म्हणजे २१६ घरं होतात. लांबीला ०१ ते १८ आकडे द्या, रुंदीला क ख ग घ च छ ज झ ट ठ ड ढ ही बारा अक्षरं. नियमात ‘८ इंच’ असेल तिथे २ घरं.

चौकट आखण्याचा सोपा मार्ग म्हणजे फ्लेक्सवाल्याकडून हिरवट-तपकिरी रंगावर फिकट रेषा छापून घेणं. कापूस-केळीच्या जाहिराती जिथे छापतात तिथेच हे होतं. चकचकीत फ्लेक्स घेऊ नका, दिव्याचा झोत परावर्तित होऊन फोटोत पांढरा डाग येतो. मॅट छपाई मागा.

फोटो स्टुलावर उभं राहून सरळ वरून काढा: एक पूर्ण टेबलाचा आणि चार कोपऱ्यांचे चार. फ्लॅश बंद. प्रत्येक फोटोत उत्तर दिशा वरच्या बाजूला आली पाहिजे, त्यासाठी टेबलावर कागदी बाण ठेवा. फोटो मूळ आकारात मेलला जोडा. जीमेलची मर्यादा २५ एमबी आहे, पाच फोटो सहसा बसतात. नुसत्या फोटोवर विसंबू नका. टेकडीमागची तुकडी झाकली जाते, म्हणून तुकडी, घर, दिशा आणि नुकसान यांचा तक्ता सोबत द्यावाच लागतो. या तक्त्याचा दुसरा उपयोग असा की पाहुणे आले आणि टेबल उचलावं लागलं तरी लढाई तशीच पुन्हा मांडता येते. ३ × ४ फुटांच्या दोन प्लायवर टेबल केलं तर उचलणंही सोपं जातं.

आपल्याकडच्या मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत ग्लू गनने चिकटवलेले सैनिक तळापासून सुटतात. तळ चिकटवायला फेव्हिकॉल वापरा आणि पूर्ण दिवस वाळू द्या.

१३. आपल्या भागातली कोणती लढाई मेलवर चांगली रंगते?

एकच नाव घ्यायचं तर पालखेडची मोहीम, १७२७-२८. लढाई म्हणून टेबलावर मांडायला तिथे फारसं काही नाही. सगळी गंमत चालीत आहे. निजाम पुण्याच्या दिशेने गेला तरी बाजीराव त्याच्या मागे धावला नाही. जालन्याकडचा मुलूख लुटून, बुऱ्हाणपूरवर जाण्याची हूल देऊन, खान्देशातून तो गुजरातेत उतरला आणि पुढे औरंगाबादेला धोका निर्माण करून निजामालाच मागे फिरवलं. जड तोफा मागे टाकून धावलेला निजाम पालखेडजवळ पाण्यावाचून कोंडला गेला. ६ मार्च १७२८ ला मुंगी-शेवगावचा तह झाला. शत्रू नेमका कुठे आहे हे कोणालाच माहीत नाही आणि बातमी उशिरा पोहोचते, हा अनुभव टेबलावर देणं अवघड. मेलवर तो आपोआप येतो.

मांडणी अशी करा. हेक्सऐवजी ठिकाणं आणि वाटा यांचा नकाशा, ४० च्या आसपास ठिकाणं: बुऱ्हाणपूर, थाळनेर, जालना, औरंगाबाद, अजिंठ्याचा आणि कन्नडचा घाट, तापी ओलांडायचे उतार. एक टर्न ५ दिवसांचा धरला तर चार महिन्यांची मोहीम २४ टर्नमध्ये बसते. हलक्या घोडदळाला टर्नला २०० किलोमीटर आणि तोफा सोबत असतील तर ६०, हे आकडे सुरुवातीला ठीक चालतात. तोफा मागे टाकायची मुभा द्या, पण त्या पुन्हा गाठल्याशिवाय मिळू देऊ नका. पंच मात्र लागतोच.

दुसरी असई, शिंदे-भोसले आणि इंग्रज यांची लढाई, २३ सप्टेंबर १८०३. अजिंठ्याच्या डोंगराच्या दक्षिणेला, भोकरदनजवळ, केळणा आणि जुई या नद्यांच्या बेचक्यात. इथे अडचण अशी की काठावर समोरासमोर दोन गावं बघून इंग्रज सेनापती वेलस्लीने नदीच्या उताराचा अंदाज बांधला, हे दोन्ही खेळाडूंना आधीच ठाऊक असतं. मग शिंद्यांचा खेळाडू पहिल्याच टर्नला तिथे तोफा लावतो. उपाय: उताराच्या तीन शक्य जागा ठरवा आणि खरी कोणती हे पंचाने फासा टाकून गुप्त ठेवावं.

१४. पंच लागतोच का, आणि त्याला काय करावं लागतं?

उघड्या नकाशावर दोघांच्या खेळाला लागत नाही. लपलेल्या हालचाली असतील किंवा प्रत्येक बाजूला दोन-तीन खेळाडू असतील तर लागतो. प्रशियाच्या सैन्यातल्या राइसविट्झने १८२४ मध्ये अधिकाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी जो नकाशाखेळ प्रसिद्ध केला, त्यातही दोन्ही बाजू पंचाकडे लेखी आदेश देत आणि दिसेल तेवढंच त्यांना सांगितलं जाई. मेलवरचा पंचाचा खेळ त्याच धर्तीवर चालतो.

पंचाकडे खरा नकाशा एकच असतो. दोन्हीकडचे आदेश आले की तो हालचाली करतो, गाठ पडली का बघतो, फासे टाकतो आणि प्रत्येक बाजूला वेगळा अहवाल पाठवतो. अहवालात बातमी किती जुनी आहे हे द्यावं: ‘पाच दिवसांपूर्वी अजिंठ्याच्या घाटात मोठं घोडदळ दिसलं.’ सर्वात घातक चूक म्हणजे एका बाजूचा अहवाल दुसऱ्या बाजूला जाणं. जुन्या मेलला ‘रिप्लाय ऑल’ केलं की हे होतं. अहवाल नेहमी नव्या मेलमध्ये लिहावा.

१५. समोरच्याचं उत्तरच येत नाही. किती थांबायचं?

सुरुवातीलाच ठरवा: उत्तराला ७२ तास, मग एक आठवण, सात दिवसांनी दुसरी, तीन आठवडे काहीच नाही तर खेळ बंद. हार-जीत तेव्हाच्या गुणांवर.

पण रजाही आधीच लिहून टाका. अखाजीला लेकी माहेरी येतात, श्रावणात कानबाईच्या रोटांना अख्खी भाऊबंदकी जमते, त्या दिवसांत कोणी नकाशा उघडत नाही. ऑक्टोबरपासून कापूस वेचणी असते, रावेर-यावलकडे केळीची कापणी लागली की गाड्या भरेपर्यंत माणूस मोकळा नसतो. अशा वेळी ‘महिनाभर आठवड्याला एकच मेल’ असं ठरवून घेतलं तर खेळ तुटत नाही. न सांगता गप्प बसलं की तो तुटतो.

१६. चाल पाठवल्यावर चूक लक्षात आली. मागे घेता येते?

फासे पडायच्या आधी आणि समोरच्याने मेल उघडल्याचं कळवायच्या आधी घेता येते. त्यानंतर नाही. नियमबाह्य चाल असेल तर पूर्ण टर्न रद्द करू नका. ती तुकडी वाटेतल्या शेवटच्या वैध घरात थांबवा, बाकीच्या चाली कायम. पूर्ण वाट लिहायला सांगतो (प्रश्न ५) त्याचं हे दुसरं कारण. चूक दोन टर्ननंतर सापडली तर तशीच ठेवा. मागचे फासे आणि निर्णय त्यावर उभे असतात, आणि ते उलगडायला घेतलेला खेळ सहसा तिथेच थांबतो.

१७. आमच्या दोघांकडे एकाच खेळाच्या वेगळ्या आवृत्त्या आहेत. कोणते नियम धरायचे?

दोन्ही मिसळू नका. प्रकाशकाने सुधारित नियमांची पीडीएफ दिली असेल तर ती, आवृत्तीची तारीख लिहून. नसेल तर ज्याच्या मॉड्यूलवर खेळताय त्या आवृत्तीचे. तुकड्यांचे आकडेही आवृत्तीनुसार बदलतात, म्हणून सोंगटीवर छापलेला आकडा आणि नियमातला तक्ता एकाच आवृत्तीचे असावेत. मध्येच नवी दुरुस्ती प्रसिद्ध झाली तर ती पुढच्या खेळापासून लागू करा. चालू खेळात तिच्यामुळे एखादा निकाल उलटत असला तरीही.